नमुन्याची खोली

६ मे, सोमवार

ही वही फेब्रुवारीत घेतली होती. माझा नवरा वॉरिक घर सोडून गेला तेव्हा बहीण म्हणाली होती, मनातलं लिहून काढ, हलकं वाटेल. तीन महिने वही कोरीच राहिली. आज लिहायला विषय मिळाला आहे आणि तो वॉरिक नाही, याचंच बरं वाटतंय.

टर्नस्टोनमध्ये आज नव्या समितीची पहिली बैठक झाली. बर्नी शहरातल्या बेघर तरुण मुलांसाठी आमची संस्था बारा वर्षं काम करते आहे, पण त्या मुलांना काय हवं ते कायम आम्हीच ठरवत आलो. आता तीन मुलं ठरवायला बसणार आहेत. तिघंही कधी ना कधी बागेत, गाडीत, दुसऱ्यांच्या सोफ्यावर दिवस काढून आलेली. टीगन एकोणीस वर्षांची, बोलायला तिखट. कोबी वीस वर्षांचा, बंदरावर लाकडाच्या ढलप्यांच्या ढिगाऱ्यांवर काम करतो, त्यामुळे तो आला की खोलीत निलगिरीचा वास येतो. आयव्ही सतराची. ती बोलत नाही, सगळं लिहून घेते.

संस्थेची व्यवस्थापक म्हणून समितीचे नियम मी स्वतः तयार केले. चौथ्या नियमाचा मला विशेष अभिमान आहे: सदस्याला गेले सहा महिने पक्कं घर असलं पाहिजे. ज्याच्या डोक्यावर आज छप्पर नाही त्याला खुर्चीत बसवून त्याचे अनुभव विचारायचे, हे मला क्रूरपणाचं वाटतं. टीगननं तो नियम दोनदा वाचला.

"म्हणजे बुडण्याबद्दल फक्त काठावर बसलेल्यांना विचारायचं," ती म्हणाली.

मी म्हटलं, तसं नाही गं. आणि पाचवा नियम वाचायला घेतला.

१४ मे, मंगळवार

मुलांनी आमचा प्रवेशअर्ज मागून घेतला. बेचाळीस प्रश्न आहेत. कोबी म्हणाला, आधी तुम्ही मोठ्यांनी भरून दाखवा. मी आणि डेस प्रेविट तयार झालो. डेस आमच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष, जन्मभर विमा विकून निवृत्त झालेले. अर्ज भरायला आम्हाला मुलांना बसवतात तिथेच बसवलं, म्हणजे संडासाच्या दारासमोरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. त्या खुर्च्या तिथे मीच ठेवल्या आहेत. त्यांवर बसण्याची वेळ कधी आली नव्हती.

अकरावा प्रश्न असा: कुटुंबातल्या कोणाशी तुमचे संबंध तुटले आहेत? कारण लिहा. डेसनी पेनाचं टोपण दोनदा काढलं आणि लावलं. मग भावाचं नाव लिहिलं, कारण म्हणून 'होडी' असा एकच शब्द लिहिला आणि काम आठवलं म्हणून उठून गेले.

मी तेविसाव्या प्रश्नापर्यंत पोचले. गेल्या महिनाभरात पलंग सोडून इतर कुठे झोपलात का? मी प्रामाणिकपणे लिहिलं, हो, सोफ्यावर, कारण हीटर पुढच्या खोलीत आहे. कधीपासून, कोबीनं विचारलं. फेब्रुवारीपासून, मी म्हटलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयव्हीनं ते लिहून घेतलं. त्याची नोंद करायची गरज नाही असं मी सांगितलं, तेव्हा तिनं त्याखाली रेघ मारली.

२० मे, सोमवार

आज अल्व्हरस्टनहून देणगीदार बायकांचा गट आला होता. त्यांना वरच्या मजल्यावरची नमुन्याची खोली दाखवली. पुढे जी बारा घरांची इमारत बांधायची आहे, त्यातलं एक घर कसं दिसेल ते लोकांना कळावं म्हणून ही खोली सजवली आहे. निळी रजई, दोन माणसांसाठी मांडलेलं टेबल, टोपलीत मेणाची फळं. शेगडी आहे, पण जोडलेली नाही. नळाला पाणी नाही. फोटोला त्यांची गरज पडत नाही.

खोली दाखवायचं काम टीगनकडे दिलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. काय बोलली ती! मुलगी इथे झोपेल, इथे वाचत बसेल, ही सफरचंदं मात्र खाणार नाही, कारण ती मेणाची आहेत. सकाळी पावणेआठला ऊन बरोबर उशीवर येतं, म्हणून उशी डावीकडे घ्यावी. समुद्रावरून वारा सुटला की खिडकीची काच वाजते, तिच्यात पुठ्ठा दुमडून घालावा. दोन बायकांनी डोळे पुसले.

नंतर मी तिला म्हटलं, तुझी कल्पनाशक्ती दांडगी आहे गं. ती म्हणाली, "हो, लहानपणापासूनच."

२३ मे, गुरुवार

नमुन्याच्या खोलीत कुणीतरी पलंगावर लोळतं. आज तिसऱ्यांदा उशीवर खळगा दिसला. मी रोज रजई झटकून कोपरे सरळ करते, पण हे चालणार नाही. देणगीदारांना चुरगळलेली चादर दाखवायची का? आजपासून खोलीला कुलूप लावलं.

चौकशीचं काम टीगनला दिलं. तिघांत तीच जास्त जबाबदार आहे. मी साडेआठला येते, तर ती आधीच येऊन चहा घेऊन बसलेली असते. समितीच्या मुलांना बाहेरच्या दाराचं कार्ड मीच दिलं आहे. त्याचा असा उपयोग करणारी ती एकटीच.

२४ मे, शुक्रवार

टीगननं एका दिवसात चौकशीचा अहवाल दिला, आयव्हीच्या सुंदर अक्षरात. संशयित तीन. एक, डेस. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास ते कुणालाच दिसत नाहीत. दोन, मी. 'या बाईंना घरी पलंग असूनही त्या त्यावर झोपत नाहीत, असं त्यांनी लेखी कबूल केलं आहे.' तीन, बंदरावरचे पेंग्विन. पण त्यांना जिना झेपणार नाही म्हणून त्यांना तूर्त सोडलं आहे.

शेवटी शिफारस: तपास पुढे न्यायचा असेल तर तपास अधिकाऱ्याकडे खोलीची किल्ली असणं आवश्यक.

पटण्यासारखं होतं. दिली किल्ली.

४ जून, मंगळवार

मेणाच्या सफरचंदावर दातांच्या खुणा. टीगन म्हणते, तपासात ही महत्त्वाची प्रगती आहे.

बैठकीत मुलांनी चौथा नियम काढून टाकायचा ठराव आणला. मी विरोध केला. समितीत बसलेल्या एखाद्याचं घर मध्येच गेलं तर काय, कोबीनं विचारलं. मी म्हटलं, त्यानं स्वतःकडे लक्ष द्यावं, बैठकांचा ताण घेऊ नये. कोबी म्हणाला, घर गेल्यावर माणसाकडे बैठकांसाठीच वेळ असतो. शेवटी वीस तारखेला मंडळापुढे ठराव मांडायचं ठरलं. तो मांडणार टीगन.

टीगनला खोकला झाला आहे. तोच करडा स्वेटर तिसऱ्या आठवड्यात घालते आहे, तरुण मुलांची फॅशन काही सांगता येत नाही. कोबीनं शिंपल्यांचं सारण भरलेला पाव आणला होता, तो अर्धा करून मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला. काल सूप आणलं होतं. मला वाटतं, पोरगा प्रेमात पडलाय.

१० जून, सोमवार

आज राजाच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी. मी चष्मा टर्नस्टोनमध्ये विसरले होते, तो आणायला सकाळी दहाला गेले. वरून रेडिओचा आवाज आला म्हणून जिना चढले.

नमुन्याच्या टेबलाशी टीगन कॉर्नफ्लेक्स खात बसली होती. केस ओले. मेणाच्या फळांची टोपली शेजारच्या खुर्चीवर, जणू पाहुणी म्हणून बसवलेली. पलंगाखालून तिच्या बॅगेचा बंद बाहेर आला होता.

"आज सुट्टी आहे," ती म्हणाली, जणू चुकून मीच आले होते.

आणि मी काय बोलले? मी म्हटलं, "तो चमचा मांडून ठेवायचा आहे, वापरायचा नाही." माझ्या तोंडून पहिलं वाक्य हे निघालं. ते लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढे कधी स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागलं तर वाचता येईल.

तिनं चमचा पुसून ठेवला. मग सांगितलं. ती ज्या घरात खोली घेऊन राहत होती ते मालकिणीनं पर्यटकांना द्यायला काढलं. दोन मेला तिला निघावं लागलं, म्हणजे आमच्या पहिल्या बैठकीच्या चार दिवस आधी. दहा दिवस कोबीच्या मावशीकडे काढले, मग इथे. कोबीला माहीत आहे. आयव्हीला माहीत आहे. पेंग्विनांनाही बहुतेक माहीत असावं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी खरं ते सांगितलं. नोंद केली असती, समितीतून नाव कमी केलं असतं, प्रतीक्षायादीत घातलं असतं.

"तेच ना. घर तर गेलंच होतं. खुर्ची मी जाऊ देणार नव्हते."

मी म्हटलं, माझ्या मुलाची खोली रिकामी आहे, लॅकलन मेलबर्नला असतो, आजच चल. तिनं वाडगा हातात घेतला आणि कुठे विसळायचा ते शोधत राहिली, कारण त्या नळाला पाणी नाही.

"तुझ्याकडे मी पाहुणी असेन, केरिन. पाहुणी म्हणून सात घरं झाली माझी. पाहुण्यांना रोज चांगलं वागावं लागतं. दमायला होतं गं."

निघताना तिनं विचारलं, सांगणार आहेस का? मी म्हटलं, माहीत नाही. "मग वीस तारखेपर्यंत माहीत करून घेऊ नकोस," ती म्हणाली.

चष्मा तिथेच राहिला.

११ जून, मंगळवार

टीगनचं नाव न सांगता, एका मुलीसाठी म्हणून, आमच्याच मदतीच्या नंबरवर फोन केला. मला बघायचं होतं. पलीकडून माझाच आवाज आला. 'तुम्ही एकटे नाही आहात, कृपया थांबा.' तो मी दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केला होता आणि गोड झालाय असं सगळे म्हणाले होते. बावीस मिनिटं मी माझ्याशी थांबून राहिले. दहाव्या मिनिटाला मला स्वतःचा गळा दाबावासा वाटला.

शेवटी आमच्याच डेस्कवरच्या मुलीनं फोन घेतला आणि सांगितलं, यादीत आठ जण आहेत, तुमची नववी. राहवलं नाही, मी टीगनचं नाव दिलं. पत्ता काय लिहू, तिनं विचारलं. मी लाइन कट केली.

१४ जून, शुक्रवार

अजून कुणाला सांगितलं नाही. नियमानं सांगायला हवं. खोलीत काही झालं तर? आग लागली तर? विम्याच्या कागदांत ती खोली 'प्रदर्शन' म्हणून लिहिली आहे, म्हणजे तिथे मेणाची फळं राहू शकतात, माणूस नाही. दुसरीकडे, मी सांगितलं तर वीस तारखेला टीगन बोलू शकणार नाही आणि तिला त्या रात्री कुठे पाठवायचं याचं उत्तर माझ्याजवळ नाही. मी चांगुलपणानं गप्प आहे की घाबरून, ते मला कळत नाही. दोन्ही बाजूंनी माझा चेहरा सारखाच दिसतो.

आज एक पांघरूण घेऊन गेले आणि जिन्यात ठेवून आले. थोड्या वेळानं त्याच्या जागी चिठ्ठी होती: 'तपासात नवा पुरावा सापडला आहे. जाडजूड आहे. आभार.'

२० जून, गुरुवार

मंडळाची बैठक. सात विश्वस्त, आम्ही चौघं. टीगननं करडा स्वेटर घातला होता आणि केस घट्ट बांधले होते. तिनं ठरावाचा कागद उलटा ठेवला.

ती म्हणाली, "मी एकोणचाळीस दिवस तुमच्या नमुन्याच्या खोलीत राहते आहे. चौथ्या नियमाप्रमाणे बेघर असण्याबद्दल बोलायला मी लायक नाही, कारण मी बेघर आहे. या टेबलावर माझ्यापेक्षा ज्याला जास्त माहीत असेल त्यानं बोलावं, मी गप्प बसते."

 मग डेस म्हणाले, "विम्याचं काय?" ते नेहमी हेच म्हणतात. पण आज त्यांचा आवाज बारीक होता. ती खोली वापरायची नसते, ते पुढे म्हणाले, पलंगसुद्धा वापरायचा नसतो.

"तुम्ही कधी झोपून बघितलंत त्यावर, आजोबा?" कोबीनं विचारलं. 'आजोबा' हे तो मुद्दाम म्हणतो.

डेस लाल झाले. "दोनदा," ते म्हणाले. मग म्हणाले, "तीनदा. दुपारी. ती गादी माझ्या पाठीला बरी वाटते."

टीगनचं तोंड उघडंच राहिलं. अहवालात त्यांचं नाव तिनं निव्वळ खोडी म्हणून घातलं होतं.

मग मी उभी राहिले आणि सांगितलं की दहा दिवस झाले, मला माहीत आहे, मी कळवलं नाही, आणि चौथा नियम माझा आहे, तो मीच मागे घेते.  डेस म्हणाले, हे तू मंडळासमोर बोलायला नको होतंस, आता नोंदवावं लागेल, आपण ऐकलंच नाही असं धरू या का.

"मी लिहून घेतलंय," आयव्ही म्हणाली.

दीड महिन्यात तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. भरदार आहे.

नियम पाच विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला. खोली खरी करायची, शेगडी आणि नळ जोडायचे, विम्याचे कागद डेस स्वतः बदलून आणणार. पण एका विश्वस्तानं विचारलं की ती खोली टीगनलाच का द्यायची, यादीत तिच्याआधी आठ जण आहेत. मी काही म्हणायच्या आत टीगन म्हणाली, बरोबर आहे, आधी त्यांना विचारा.

तिला गप्प बसवायला मी टेबलाखालून पाय मारला. तो डेसना लागला.

मला नोटीस मिळेल की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. घरी येऊन पलंगाची चादर बदलली. झोपायला मात्र सोफ्यावर गेले.

२४ जून, सोमवार

सकाळपासून यादीतल्या आठ जणांना फोन करत होते. एक जण क्वीन्सलंडला केळीच्या बागेत काम करतो आहे. दोघी आपापल्या घरी परतल्या. तिघांना केव्हाच जागा मिळाल्या, त्यातली एक हसून म्हणाली, तुम्ही अजून चालू आहात होय. उरलेले दोन नंबर बंद. सर्वांत जुनं नाव दोन वर्षांपूर्वीचं आहे. दर तिमाही अहवालात मी लिहिते, 'यादीतील मुलांच्या आम्ही सतत संपर्कात असतो.' ते लिहिताना मला ते खरंच वाटत असे.

त्या दोन बंद नंबरांचं काय करायचं ते कळेना. कोबीनं नावं मागितली. आधी मी गोपनीयतेबद्दल बोलू लागले, मग दिली.

२६ जून, बुधवार

कोबीनं दोघांनाही दोन दिवसांत शोधलं. एक जण शेजारच्या विन्यर्ड गावात मित्रांबरोबर घर घेऊन राहतो. दुसरी काकाच्या अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये आहे, तिला कुत्रं पाळायचं आहे, म्हणून तिथेच राहायचं आहे. मी विचारलं, कसं शोधलंस? तो म्हणाला, लॉन्ड्रीत विचारलं. ज्याला घर नसतं त्यालाही कपडे धुवावेच लागतात. बारा वर्षांत मी एकदाही लॉन्ड्रीत विचारलं नव्हतं. माझ्या घरी मशीन आहे.

म्हणजे नंबर नऊ. टीगन म्हणाली, रीतसर फोन कर, तोंडी चालणार नाही. ती टेबलाच्या पलीकडेच बसली होती. मी नंबर फिरवला. तिच्यापुढे फोन वाजला. तिनं तो तीनदा वाजू दिला, मग उचलला आणि हुबेहूब माझ्या गोड आवाजात म्हणाली, "तुम्ही एकटे नाही आहात, कृपया थांबा."

फोन टेबलावर ठेवून ती चहा करायला गेली. मी थांबले. बावीस मिनिटं नाही, चारच. परत आली तेव्हा डोळे धुऊन आली होती, ते मला दिसलं नाही असं मी दाखवलं.

११ जुलै, गुरुवार

नोटीस नाही, ताकीद मिळाली. डेसनी ती स्वतःच लिहिली आहे आणि तिच्यात माझं नाव चुकवलं आहे. ते मुद्दाम असावं, म्हणजे ती मला लागू व्हायला नको.

आज पुन्हा देणगीदारांची बस आली, लॉन्सेस्टनहून नऊ बायका. मी इमारतीचा आराखडा दाखवला, बारा घरांबद्दल बोलले, आणि बोलता बोलता सवयीनं त्यांना जिन्यानं वर घेऊन गेले. कडीला हात लागला तेव्हा भानावर आले. हात काढला आणि दार वाजवलं. या दारावर मी कधी टकटक केली नव्हती.

"कोण आहे?"

"मी, केरिन. बरोबर थोडे पाहुणे आहेत."

"थोडे म्हणजे किती?"

"नऊ."

आत कांदा परतत होता. त्याचा वास जिन्यात भरला होता. माझ्यामागे एक बाई म्हणाली, अय्या, शेगडी चालू आहे वाटतं. आत उलथण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, आता ती दार उघडेल, चांगली मुलगी म्हणून हसेल आणि सांगायला लागेल, इथे मुलगी झोपते. मी मनात म्हणत होते, नको उघडूस.

"आज नको," ती आतून म्हणाली. "मला वेळ नाही."

आणि आतून कुलूप फिरल्याचा आवाज आला.

मी वळले. नऊ चेहरे माझ्याकडे पाहत होते. मी ओठांवर बोट ठेवलं. मग आम्ही सगळ्या, टाचा उचलून, एकामागून एक जिना उतरलो.